उलट्या अंगाचं यंत्र

त्या शनिवारी पट्टा पुन्हा पुन्हा चाकांवरून उतरत होता. नरहरी सावे तो जमिनीवरून उचलायचे, फुंकर मारायचे, चाकांवर चढवायचे, स्प्रिंगचा दांडा हळूच सोडायचे आणि बटण दाबायचे. पट्टा थोडा वेळ सरळ पळायचा, मग एका अंगाला सरकत सरकत काठाशी यायचा आणि फट्‌कन सुटायचा. त्यांची मुलगी मेघाली पडवीच्या पायरीवर मांडीत पुस्तक घेऊन बसली होती. पालघरच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात ती नोकरीला होती, तिथंच भाड्याच्या खोलीत एकटी राहायची, आणि शनिवारी दुपारी स्कूटरवरून उमरोळी, बोईसर करत चिंचणीला आईवडिलांकडे यायची. येताना पिशवीत एक पुस्तक असायचंच. पट्टा सुटला की ती वर बघायची, बाबा वाकलेले दिसायचे, ती परत ओळीवर यायची. आतून आईचा, जयवंतीबाईंचा, आवाज आला, "पोहे थंड झाले हां. लग्नात मला येवढं निरखून बगितलं नाय, जेवढं त्या चाकाला बगतात." बाबा वर न बघता म्हणाले, "तू सरळ चालत व्हतीस. हा पळतो." मैनाबाई मासळी विकून परतताना आपली बोथट सुरी धार लावायला टाकून गेली होती; ती बाकावर जुन्या कापडात गुंडाळून पडली होती. वाऱ्याला खाडीचा वास होता, आणि त्याखाली, नेहमीप्रमाणे, तारापूरच्या कारखान्यांचा आंबूस वास. सगळं असं होतं की लक्षात ठेवावं असं त्यात काही नव्हतं.

यंत्र म्हणजे बेल्ट ग्राइंडर. चाकांवर एक खरखरीत पट्टा फिरतो, त्याला लोखंड टेकवलं की घासून निघतं. बाजारात तयार मिळतो, पण बाबांना तो घरी करायचा होता. मोटर सफाळ्याच्या एका बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीतली. चाकं एका कापड गिरणीच्या रुळाची कापून घेतलेली, तो रूळ बोईसरच्या भंगारवाल्याकडून उचलताना त्यानं विचारलं होतं, "चाचा, इसका करोगे क्या?" आणि बाबांनी आपल्या हिंदीत उत्तर दिलं होतं, "घासेगा." वरचं चाक त्यांनी स्वयंपाकघराच्या जुन्या दाराच्या बिजागरीवर बसवलं होतं. बिजागरीमागे एक बोल्ट, बोल्टाला लाकडी मूठ. मूठ फिरवली की चाक किंचित कलतं आणि पट्टा इकडे किंवा तिकडे सरकतो. हे सगळं त्यांनी मेघालीला कधीतरी सांगितलं होतं. चाक मधोमध थोडं फुगीर ठेवावं लागतं हेही सांगितलं होतं, कारण पट्टा नेहमी उंच जागेकडे चढतो. सपाट चाकावर तो भरकटतो. हे वाक्य तिला तेव्हा आवडलं होतं, एखाद्या पुस्तकातलं आवडावं तसं, आणि आवडून तिथंच राहिलं होतं.

"मेगा, उबी रा जरा हितं," बाबा म्हणाले. ती उठली. पानात बोट तसंच होतं. त्यांनी तिला खांद्याला धरून यंत्रासमोर आणलं, थोडं मागं सरकवलं, मग बाजूला जाऊन एक डोळा मिटून तिच्याकडे बघितलं. दागिन्यांच्या साच्याचा, म्हणजे डायचा, ठोकळा घडवताना तो उजेडात धरून ते असंच बघायचे. "कोपर वाकव." उजव्या हातात पुस्तक होतं म्हणून तिनं डावं कोपर वाकवलं. ते बराच वेळ बघत राहिले. "हात लावून बग ना." ती म्हणाली, "नको बाबा, हाताला काळं लागेल. कॉलेजचं पुस्तक आहे." मग त्यांना बरं वाटावं म्हणून म्हणाली, "छान झालंय." त्यांनी विचारलं, "छान म्हंजे?" "छान म्हणजे छान." ते हसले. मग आत जाऊन त्यांनी पोहे खाल्ले, आणि हातावरची काळी भुकटी बशीच्या काठाला लागली म्हणून आई बडबडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चूळ भरताना त्यांच्या हातातला तांब्या पडला. तांब्या पडण्याचा आवाज घरात सगळ्यांच्या ओळखीचा असतो, कुणी बघायला उठत नाही. आई उठली नाही. मेघालीही उठली नाही. मग तांब्या उचलल्याचा आवाज आला नाही. बोईसरच्या हॉस्पिटलात एका तरुण डॉक्टरनं मेंदूचा फोटो उजेडाच्या पाटीवर लावला आणि पेनाच्या टोकानं पांढरे ठिपके दाखवले. हे आजचं, पण हे जुनं आहे, तो म्हणाला, लहान झटके आधी येऊन गेलेत, तुमच्या लक्षात आले नसतील. त्यानं विचारलं, "यांना मध्ये कधी विसरायला व्हायचं? कपडे उलटे घालणं? डाव्या-उजव्यात गोंधळ?" मेघाली म्हणाली, "नाही." इतक्या लगेच म्हणाली की डॉक्टरनं एकदा तिच्याकडे बघितलं आणि कागदावर तसं लिहिलं. त्या आठवड्याच्या शेवटी बाबा गेले. एकदाही काही न बोलता गेले.

तेराव्यानंतर ती पालघरला परतली. लोक कामात बरं वाटतं म्हणतात, तसं तिला वाटलंही. पुस्तकं परत यायची, तिनं ती जागेवर लावायची. जगात प्रत्येक वस्तूला एक जागा आणि एक आकडा आहे एवढं तरी तिथं खरं होतं. एका दुपारी ती दोन कपाटांच्या मधल्या बोळात उभी असताना हितेशचा फोन आला. हितेश तिचा चुलतभाऊ, तिच्याहून लहान, बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत एका शेडमध्ये फिटर. यंत्र त्यानं न्यावं असं आईनंच सांगितलं होतं, पडवीत गंजत पडण्यापेक्षा बरं. "ताई, मी बघून आलो," तो म्हणाला. "काम एक नंबर आहे काकांचं. पण सगळं उलटंच ठेवलंय गं. मोटर या अंगाला पाहिजे ती त्या अंगाला. मूठपण. पुढं उभं राहिलं का उजवं कोपर मोटरला लागतं. डायवाल्याचं डोकं ना, सगळं आरशातलं. काय नाय, रविवारी कटर घेऊन येतो, फ्रेम मधून कापतो आणि सरळ करून वेल्डिंगचे टाके मारतो." ती बरं म्हणाली. फोन ठेवला. तिच्या हातात एक पुस्तक होतं, ते तिनं कपाटात ठेवलं, आणि थोड्या वेळानं तिला दिसलं की ते तिनं पाठ आत करून ठेवलंय, पानांची पांढरी बाजू बाहेर. ती त्या पांढऱ्या बाजूकडे बघत राहिली. बोळाच्या टोकाला दोन मुली कुजबुजत हसत होत्या. डाव्या-उजव्यात गोंधळ? नाही. नाही, असं ती म्हणाली होती, आणि त्याच वेळी घरी पडवीत एक माणसाएवढं लोखंडी उत्तर उभं होतं.

मग आठवणींचं काही खरं राहिलं नाही. गणपतीत बाबांनी बनियन उलटा घातला होता आणि सगळे हसले होते. त्या हसण्यात आता तिला वेगळं काही ऐकू यायला लागलं. एकदा त्यांनी तिला आत्याच्या नावानं हाक मारली होती. एकदा बोईसरच्या नाक्यावर स्कूटरवर तिच्या मागं बसले असताना ते "डावीकडे घे" म्हणाले होते आणि हात उजवीकडे दाखवला होता. की हात डावीकडे दाखवला होता आणि उजवीकडे म्हणाले होते? तिला आठवेना. जे आठवेना तेच जास्त टोचू लागलं. पावसाळ्याआधीपासून ते यंत्र बनत होतं. शनिवारमागून शनिवार ती त्याच पायरीवर बसली होती, आणि तिच्या वाचनाच्या कडेला, पानाच्या समासाबाहेर, एक माणूस हळूहळू उलटा होत चालला होता. इतकी पुस्तकं वाचली, आणि एका माणसाकडे पाहायचं राहिलं, असं तिच्या मनात आलं, आणि हे वाक्यही तिला पुस्तकी वाटून तिनं ते टाकून दिलं.

आणि तरी, उलटं म्हणजे काय? चिंचणीत अनेक घरांतून डाय करतात. सोन्याच्या दागिन्यांचे साचे. पोलादाच्या ठोकळ्यात छिन्नीनं नक्षी खोदायची, सोनारानं त्यावर सोन्याचा पातळ पत्रा ठेवून दाबायचा, की पान, कळी, मोराची मान वर उठून येते. ठोकळ्यात मोर उजवीकडे बघतो, तेव्हा गळ्यात तो डावीकडे बघतो. खोल जागा उंच होते. बाबांनी जन्मभर जे पाहिलं ते दुसऱ्या बाजूनं. लग्नांत बायकांच्या गळ्यातले हार बघताना ते डोळे बारीक करायचे आणि मेघालीला कळायचं की ते आता हार परत ठोकळ्यात घालतायत. ठोकळ्याचं तोंड आरशासारखं सपाट करायला त्यांनी आयुष्यभर कानस चालवली, मग मनगटं गेली. शिवाय आता संगणकावर कापलेले डाय यायला लागले होते, हाताचं काम थोडं उरलं होतं. मनगट वाचवायला हे यंत्र. असं ते म्हणायचे. पण इतकं थोडं काम उरलेल्या माणसाला इतकं मोठं यंत्र कशाला, हे तिनं विचारलं नव्हतं.

मेघाली डावखुरी होती. शाळेत बाईंनी पट्टी मारमारून लिहायचा हात बदलला, बाकीचं डावंच राहिलं. भाजी कापणं, सुईत दोरा ओवणं, दार उघडणं. लिहायला लागली तेव्हा ती पाटीवर डाव्या हातानं उलट्या बाजूनं अक्षरं काढायची, आरशात दिसावीत तशी. बाईंनी पाटी घरी पाठवली, हिला काहीतरी दाखवून आणा म्हणून. आई रडकुंडीला आली होती. बाबांनी कामावरून न उठता पाटी हातात घेतली आणि जराही न अडखळता वाचलं, "मेघाली नरहरी सावे." मग पाटी परत देत म्हणाले, "बरोबर लिव्हलंय की." संपूर्ण जगात ती पाटी वाचू शकणारा एकच माणूस होता आणि तो तिच्या घरात बसला होता. त्या दिवसापासून ती शाळा सुटली की त्यांच्या बाकाशी जाऊन उभी राहायची. एकदा त्यांनी सरावाच्या शिशाचा तुकडा तिला दिला आणि हातोडी दिली. तिनं पान खोदलं. शिसं मऊ असतं, छिन्नी आत शिरताना लोण्यासारखी वाटते पण मागं एक थंड विरोध राहतो. तो विरोध तिला तळहातात अजून आठवत होता. पान वाकडं झालं, पण त्याची मधली शीर जिवंत होती. बाबांनी ते उजेडात धरून बघितलं. आईनं आतून हाक मारली, पाण्याला जायचं होतं. पुढं बाकावर हितेशला बसवलं. काकाचा का होईना, मुलगा, बसणारच. त्याला शिकवताना बाबांचा आवाज ऐकू यायचा आणि ती आतल्या खोलीत वाचत बसायची. बाबा तिला पुस्तकं आणून द्यायचे, बोईसरला गेले की हमखास. कुणी कुणावर अन्याय केला नव्हता. त्यांनी बोलावलं नाही, तिनं विचारलं नाही, आणि मध्ये सगळं आयुष्य सुरळीत गेलं. हितेशला ते काम मानवलं नाही, तो कंपनीत गेला, तेव्हाही तिला कुणी बाकाशी बोलावलं नाही.

शनिवारी ती चिंचणीला आली. आई ओट्यावर बसून कोळंबी सोलत होती. मेघालीनं शक्य तितक्या साध्या आवाजात विचारलं, "आई, बाबा गोंधळायचे का गं अलीकडे?" आई म्हणाली, "गोंदळतील कशाला? भाजीत मीठ नाय त्ये कळायचं नाय त्यांना, पण त्ये तर लग्नापासून." मग कोळंबीचं साल हातात धरून थांबली. "डागतरनं काय सांगितलं गं तुला? मला कोण काय सांगत नाय." मेघाली म्हणाली, "काही नाही." आई म्हणाली, "सुरी तेवढी दे मैनाबाईची. रोज रस्त्यानं जाते, मागत नाय. दुसरीनं कापते बिचारी." पण सुरी कापडात होती तशी बाकावरच राहिली, कारण बोथट परत देणं दोघींनाही बरं वाटेना.

संध्याकाळी ती पडवीत यंत्रासमोर उभी राहिली. पहिल्यांदाच नीट उभी राहिली. हितेश म्हणाला ते खरं होतं. उजवा हात पुढं केला की कोपर मोटरच्या गार पोटाला लागायचं. पट्टा जुळवायची मूठ तिथं होती जिथं ती असायला नको. तिनं डोळे मिटून हातानं चाचपलं, म्हणजे बाबांच्या डोक्यात शिरता येईल असं वाटून. लोखंडी चौकटीचे टाके गुळगुळीत घासलेले होते, एकही काटा हाताला लागत नव्हता. गोंधळलेला माणूस इतकं गुळगुळीत घासतो का? घासतही असेल. गोंधळलेल्या माणसाला आपण गोंधळलोय हे कळत नाही, डॉक्टरच म्हणाला होता. त्या शेवटच्या दुपारी ते तिच्याकडे एक डोळा मिटून बघत होते तेव्हा त्यांना कोण दिसत होतं? मुलगी की ठोकळ्यातली तिची छाप? ती आत निघून गेली.

रविवारी हितेश आला, मोटरसायकलवर कटर बांधून. आईनं चहा दिला. त्यानं फ्रेमवर खडूनं रेघ मारली, कुठून कापायचं ती, आणि बशीत चहा ओतत म्हणाला, "मी काकांना म्हटलेलं गं तेव्हाच. टाके मारायला मीच आलो होतो ना. म्हटलं काका, उलटं होतंय. तर म्हणाले, 'हाय त्ये बरोबर हाय.' म्हटलं अहो कोपर लागंल. म्हणाले, 'तुजं लागंल.'" तो हसला. "आता म्हाताऱ्या माणसाशी कोण वाद घालणार."

मेघालीनं कप खाली ठेवला. "नुसतं 'लागंल' नाही? 'तुजं' म्हणाले?"

"तुजं लागंल. म्हंजे तसंच काहीतरी," हितेश म्हणाला. "का गं?"

ती उठली. बाकावरचं कापड सोडवून मैनाबाईची सुरी काढली. "कटर लावायच्या आधी एकदा चालू कर ना," ती म्हणाली. हितेश म्हणाला, "ताई, हाताला लागेल. तुला सवय नाय." पण त्यानं वायर लावली. ती समोर उभी राहिली आणि सवयीनं, कुणी बघत असलं की होतं तसं, सुरी उजव्या हातात धरली. कोपर मोटरवर आपटलं. मग तिनं हात बदलला. काही सुटल्यासारखं झालं. डावा हात मोकळ्या हवेत होता, समोर पट्टा नेमका कोपराच्या उंचीवर, आणि उजवा हात आपोआप, न शोधता, लाकडी मुठीवर जाऊन बसला. मूठ गुळगुळीत होती, तिच्या तळव्यात बसेल एवढी लहान. बाबांचा पंजा केवढा मोठा होता. तिनं बटण दाबलं. पट्टा पळायला लागला, सरकत सरकत काठाशी आला. तिच्या उजव्या हातानं मूठ किंचित फिरवली, जरा जास्त झाली, तिनं परत मागं घेतली, आणि पट्टा थांबल्यासारखा वाटला, पळत असूनही. चाकाच्या उंच जागेवर चढून बसला होता. तिनं सुरी टेकवली. ठिणग्या खाली पायाकडे गेल्या. घासलेल्या लोखंडाचा वास आला, लहानपणी शाळा सुटल्यावर यायचा तोच, आणि तळहाताला पात्यातून तो जुना थंड विरोध लागला, शिशाच्या पानातला.

डॉक्टरचे पांढरे ठिपके खरे होते. ते फोटोत होते. गणपतीतला बनियन उलटा होता. 'तुजं लागंल' हे एका हट्टी म्हाताऱ्याचं नुसतं बोलणंही असू शकत होतं, आणि मूठ लहान झाली असेल ती हातात तेवढंच लाकूड होतं म्हणूनही. तिला ते माहीत होतं. माहीत असूनही तिचं शरीर त्या जागी असं उभं होतं की जणू कुणी तिचं माप घेऊन ती जागा ठेवली असावी. दोन्ही खरं असेल. माणूस विझत असतानाही एखादी गोष्ट नीट बघत असेल. पण हे आता विचारायचं कुणाला, आणि तेव्हा विचारायला तो माणूस हाताच्या अंतरावर एक डोळा मिटून उभा होता. हात लावून बग ना. छान झालंय.

तिनं सुरीची धार अंगठ्याच्या नखावर टेकवून पाहिली, बाबा पाहायचे तशी. पूर्ण लागली नव्हती, एका बाजूला जास्त घासली गेली होती. तिनं बटण बंद केलं. हितेश रिकामी बशी हातात घेऊन बघत होता. "डावरी का तू?" तो हळू म्हणाला. "मला म्हायतच नव्हतं." आई आतून दारात येऊन उभी राहिली होती, ओले हात पदराला पुसत. ती म्हणाली, "तुला काय म्हायत असणार? त्यांनला म्हायत व्हतं."

"कापू नकोस, हितेश," मेघाली म्हणाली.

त्यानं मान हलवली आणि फ्रेमवरची खडूची रेघ अंगठ्यानं पुसली. चाकं अजून फिरत होती, मोटर बंद असताना नुसत्या राहिलेल्या वेगावर. ती हळू होत गेली, तसतशा पट्ट्याच्या जोडाची टिक टिक ऐकू यायला लागली, मग मधे अंतर पडत पडत, मग थांबली. पडवीत नेहमीचा वास परत आला, खाडीचा आणि त्याखालचा. तिचा उजवा हात अजून मुठीवर होता. समोर भिंत होती, भिंतीजवळ बाबा कामाला बसायचे तो रिकामा पाट. ती त्या पाटाकडे बघून बोलली. आवाज साधा होता, कुणाला तरी पाणी द्या म्हणावं तसा.

"बाबा, मला इथं बसायचं होतं. तुम्ही हितेशला बसवलंत त्याच्या आधीपासून. मला शिकवा, एवढंच म्हणायचं होतं."